रिमॅपनंतर दोन आठवड्यांनी पुन्हा येणारा नॉक: मॅप बदलण्याआधी काय तपासावे

इनटेक आणि इंजेक्टर बदललेल्या टर्बो पेट्रोल इंजिनाचे घरीच रिमॅपिंग, म्हणजे इंधन व इग्निशनच्या आकड्यांचा मॅप बदलण्याचे काम, करणाऱ्यांना एक तक्रार वारंवार छळते. नवा मॅप ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रण संगणकात, फ्लॅश केला (लिहिला) की पहिले काही दिवस गाडी अगदी मनासारखी चालते. पूर्ण थ्रॉटलला वाइडबँडवर (मिश्रण अचूक मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर) लॅम्ब्डा, म्हणजे आदर्श प्रमाणाच्या तुलनेत हवा-इंधनाचे प्रमाण, 0.80 च्या आसपास स्थिर राहतो आणि लॉगमध्ये नॉकची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्याची, एकही नोंद नसते. दहा-पंधरा दिवस उलटले की तिसऱ्या गिअरमध्ये 4000 आरपीएमच्या पुढे गाडीची ओढ कमी झाल्याचे जाणवते, आणि लॉग काढून पाहिला तर ईसीयूने इग्निशन टायमिंग चार-पाच अंशांनी मागे घेतलेले असते व लॅम्ब्डा 0.88 पर्यंत चढलेला असतो. मॅपमध्ये थोडे इंधन वाढवून पुन्हा फ्लॅश केले की सारे सुरळीत होते, आणि दोन आठवड्यांनी तेच दुखणे परत डोके वर काढते.

माझ्या दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनावर मी हे चक्र तीन वेळा अनुभवले. प्रत्येक वेळी मला वाटले की आपला बदल बरोबर होता आणि इंजिनातच काहीतरी नव्याने बिघडते आहे. प्रत्यक्षात माझ्या बदलाने काहीच सुधारत नव्हते. अनेक ईसीयूंमध्ये फ्लॅश केल्याबरोबर ईसीयूने तोवर शिकून साठवलेली मूल्ये पुसली जातात. गाडी सुधारत होती ती या पुसण्यामुळे, आणि श्रेय मात्र मी मॅपमधील बदलाला देत होतो.

हे कसे घडते ते नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी अंदाजपंचे होईल. एकसारख्या वेगाने जाताना किंवा आयडलला असताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतानुसार मिश्रण लॅम्ब्डा 1 वर, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी 14.7 भाग हवेला 1 भाग इंधन या प्रमाणावर, राखतो. त्यासाठी तो क्षणाक्षणाला जी दुरुस्ती करतो ती शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम होय, आणि तीच दुरुस्ती सतत एकाच दिशेने करावी लागली की तो ती हळूहळू लाँग टर्म ट्रिममध्ये साठवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की मूळ नॅरोबँड सेन्सर (केवळ लॅम्ब्डा 1 च्या आसपास अचूक मोजणारा) असलेले इंजिन ओपन लूपमध्ये जाते, म्हणजे सेन्सरकडे न पाहता मॅपमधील आकड्यावर चालते. तथापि कित्येक ईसीयू त्या वेळीही वरच्या भारपट्ट्यात शिकलेली लाँग टर्म ट्रिम सोबत नेतात आणि पूर्ण भाराच्या इंधनालाही तीच लावतात. ज्या गाड्यांत कंपनीचाच वाइडबँड असून पूर्ण भारावरही क्लोज्ड लूप, म्हणजे सेन्सर पाहून दुरुस्ती, चालतो, त्यांत ही तक्रार या स्वरूपात दिसत नाही. तसेच काही ईसीयू ऋण (इंधन कमी करणारी) ट्रिम पूर्ण भाराला लावतच नाहीत. आपला ईसीयू काय करतो हे कोणाला विचारण्यापेक्षा लॉगमध्ये पाहावे: लाँग टर्म ट्रिम शून्य असताना आणि ती ऋण असताना त्याच आरपीएमला, त्याच बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) वाइडबँड काय दाखवतो, एवढी तुलना पुरेशी आहे.

आता घरी ट्यूनिंग करणारा बहुधा काय करतो ते आठवावे. वाइडबँड लावून तो पूर्ण थ्रॉटलचे इंधन अचूक जुळवतो, कारण ताकद तिथे असते आणि धोकाही तिथेच असतो. मधल्या भाराकडे तो फारसे पाहत नाही, कारण तिथे ईसीयू स्वतःच सांभाळून घेतो. समजा मधल्या भारावर मॅफ सेन्सर (इंजिनात येणारी हवा मोजणारा) प्रत्यक्षापेक्षा सुमारे 10 टक्के जास्त हवा सांगत आहे. ईसीयू तेवढे जास्त इंधन देतो, ऑक्सिजन सेन्सर मिश्रण रिच (इंधन जास्त) असल्याचे कळवतो, आणि काही दिवसांत लाँग टर्म ट्रिम उणे 9 टक्क्यांवर जाऊन बसते. ही उणे 9 टक्के दुरुस्ती पूर्ण थ्रॉटलच्या इंधनाला लागली की 0.80 चा लॅम्ब्डा 0.88 होतो, म्हणजे हवा-इंधन प्रमाण 11.8 वरून 12.9 वर जाते. बूस्टखाली असलेल्या इंजिनाला नॉक होण्यास एवढा फरक पुरेसा असतो.

माझी चूक यापुढची होती, आणि ती इतकी सहज होणारी आहे की ती आकड्यांसह मांडतो. पूर्ण भाराला इंधन वाढवायचे म्हणून मी मॅफचा संपूर्ण वक्र, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजवरून हवा काढण्याचा तक्ता, 5 टक्क्यांनी वर उचलला. फ्लॅशनंतर पूर्ण थ्रॉटलला लॅम्ब्डा 0.76 दिसला, नॉक गेला आणि मला समाधान वाटले. पण त्याच 5 टक्क्यांनी मधला भारही अधिक रिच झाला होता, त्यामुळे ईसीयूने या वेळी उणे 9 ऐवजी उणे 13 टक्के शिकले. 0.76 ला त्या ट्रिमने, म्हणजे 0.87 ने, भागले की उत्तर पुन्हा 0.88 च्या घरातच येते. सगळा वक्र एकत्र कितीही वर-खाली केला, तरी शिकणे पूर्ण झाल्यावर इंजिन त्याच लॅम्ब्डावर परतते. पूर्ण भार आणि मधला भार यांच्यातील तफावत जोवर शिल्लक आहे, तोवर नॉक परत येणारच.

तपासणीची पहिली पायरी यावरूनच ठरते. नॉक दिसत असताना मॅपला अजिबात हात लावू नये. त्या दिवसाचा लॉग जपून ठेवावा, सर्व भारपट्ट्यांतील लाँग टर्म ट्रिम लिहून घ्यावी, आणि मग स्कॅन टूलने केवळ शिकलेली मूल्ये पुसावीत. त्यानंतर त्याच गिअरमध्ये, शीतकाचे आणि इनटेकच्या हवेचे तापमान शक्य तितके सारखे असताना पुन्हा एक पूर्ण थ्रॉटलची धाव घ्यावी. ही धाव डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवरच घ्यावी. सार्वजनिक रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकाच वेळी लॅपटॉपवर आणि रस्त्यावर लक्ष ठेवता येत नाही. मॅप तोच असताना नॉक नाहीसा झाला, तर दोष शिकलेल्या ट्रिममध्ये आहे. तो तसाच राहिला, तर कारण वेगळे आहे: कमी ऑक्टेनचे इंधन, तापलेला इंटरकूलर, इंजिनासाठी फार उष्ण ठरणारे स्पार्क प्लग, पिस्टनवर साचलेला कार्बन, किंवा दाबाखाली थकणारा इंधन पंप. त्यांची चर्चा इथे करत नाही. नॉक सेन्सर हा आघाताचे कंपन ऐकणारा सेन्सर असल्याने सैल उष्णतारोधक पत्रा किंवा खालच्या पाइपला टेकणारा ब्रॅकेटही खोटा नॉक दाखवू शकतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

वाइडबँडवर विश्वास ठेवण्याआधी त्याचीही खातरजमा करावी. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या गास्केटमधून गळती असेल, तर दाबाच्या लाटांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन (इंधन कमी) असल्याचा भास होतो. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधील न जळालेला ऑक्सिजनही सेन्सरला लीनच भासतो, म्हणून जास्त बूस्टवर लॅम्ब्डा एकदम वर उडाला तर इंधन वाढवण्याआधी प्लगची फट मोजावी.

ऋण ट्रिम कुठून येते

दोष ट्रिममध्ये आहे हे नक्की झाले की ती ऋण का होते, हा प्रश्न उरतो. इथे ट्रिमचा एकच आकडा पाहून काही कळत नाही; तो भारानुसार कसा बदलतो हे पाहावे लागते.

इंजेक्टर बदललेले असतील तर सर्वांत आधी डेड टाइम तपासावा. इंजेक्टरला विद्युत संकेत मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो वेळ जातो त्याची भरपाई ईसीयू करतो, आणि हा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो. तो मॅपमध्ये 0.2 मिलिसेकंदाने जास्त भरला गेला, तर आयडलच्या 2 मिलिसेकंदांच्या पल्समध्ये 10 टक्के इंधन जास्त जाते, पण पूर्ण थ्रॉटलच्या 15 मिलिसेकंदांच्या पल्समध्ये तीच चूक जेमतेम 1.3 टक्के ठरते. म्हणून आयडलला ट्रिम सर्वाधिक ऋण असेल आणि भार वाढेल तशी शून्याकडे सरकत असेल, तर संशय डेड टाइमवर घ्यावा. याची एक सोपी पारख आहे. इंजिन गरम झाल्यावर आयडलला हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर एकदम सुरू करून व्होल्टेज खाली आणावे. ट्रिम त्याबरोबर स्पष्टपणे सरकली, तर व्होल्टेजनुसार भरलेला डेड टाइमचा तक्ता त्या इंजेक्टरचा नाही. हा तक्ता इंजेक्टरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकातून, इंधनाचा नेमका दाब पाहून घ्यावा. अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या प्रत्येक मोजमापात मिसळतो.

इंधनाचा दाबही याच वेळी पाहून घ्यावा, कारण इंजेक्टरमधून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. 3 बारऐवजी 4 बार दाब असेल तर सुमारे 15 टक्के जास्त इंधन जाते. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून वास घ्यावा. आत पेट्रोलचा ओलावा असेल, तर पडदा फाटला आहे.

कॅनिस्टरचा (टाकीतील वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह आणि इंजिन ऑइल ही दोन कारणे चटकन सुचत नाहीत. पर्ज व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला, तर टाकीतील वाफ इनटेकमध्ये येत राहते आणि ट्रिम कधी ऋण तर कधी नीट अशी भटकत राहते. व्हॉल्व्हची नळी काही मिनिटे चिमट्याने बंद केल्यावर ट्रिम स्थिर झाली तर निदान झाले. वारंवार थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारल्या की ऑइलमध्ये पेट्रोल उतरते, आणि इंजिन गरम झाल्यावर त्याची वाफ क्रँककेसच्या वाटेने परत इनटेकमध्ये येते. ऑइल बदलताच ट्रिम सुधारली, तर मॅपमध्ये काही चुकले नव्हते असे समजावे. इथेनॉलमिश्रित इंधनावर घेतलेला लॉग शुद्ध पेट्रोलवरील लॉगशी ताडून पाहू नये. 10 टक्के इथेनॉलमुळे इंधनाची गरजच तीन-चार टक्क्यांनी वाढते.

हे सर्व निर्दोष असेल आणि ट्रिम आरपीएमशी किंवा भाराशी न जुळता मॅफच्या विशिष्ट व्होल्टेजशी जुळत असेल, तर दोष हवेच्या मोजमापात आहे. माझ्या इंजिनात तेच निघाले.

मॅफची नळी

मोठा इनटेक बसवताना मी 70 मिलिमीटरच्या मूळ नळीऐवजी 76 मिलिमीटरची नळी घेतली होती. मॅफ सेन्सरची तप्त तार तिच्याजवळून जाणाऱ्या हवेवरूनच एकूण हवा मोजते, आणि व्यास वाढला की त्याच वेगाला क्षेत्रफळाच्या प्रमाणात जास्त हवा जाते. या दोन व्यासांच्या क्षेत्रफळांत सुमारे 18 टक्क्यांचा फरक आहे, म्हणून मी मॅफचा वक्र सरसकट 1.18 ने गुणला होता. सुरुवात करायला ही रीत ठीक आहे, पण नळीत सर्वत्र हवेचा वेग सारखा असतो असे ती गृहीत धरते. वास्तवात नळीच्या भिंतीजवळ वेग कमी आणि मध्यभागी जास्त असतो. सेन्सरच्या आधी वाकण असेल तर हा आकार आणखी बिघडतो, आणि प्रवाह वाढेल तसा तो पुन्हा बदलतो. मूळ नळीत सेन्सरच्या आधी बसवलेली बारीक जाळी हा प्रवाह सरळ करण्यासाठीच असते. बाजारातील कित्येक इनटेकमध्ये ती नसते.

फिल्टर काढून नळीत बोट घातले तेव्हा एक गोष्ट हाताला लागली, जी डोळ्यांना कधीच दिसली नव्हती. फिल्टर आणि मॅफच्या नळीला जोडणारी सिलिकॉनची होज क्लॅम्प आवळताना एका बाजूने सरकली होती आणि तिची कड सुमारे 3 मिलिमीटर आत आली होती, सेन्सरपासून जेमतेम चार बोटे अलीकडे. बाहेरून क्लॅम्प सरळ दिसत होता आणि गळती कुठेच नव्हती. या कडेवरून हवा आत ढकलली जाऊन नळीच्या मध्यभागी, म्हणजे नेमकी तारेपाशी, वेग वाढत होता, आणि सेन्सर प्रत्यक्षापेक्षा जास्त हवा सांगत होता. होज काढून तिची कड नळीच्या तोंडाशी एकसमान बसवली, तेव्हा एका ओळीचाही बदल न करता मधल्या भाराची ट्रिम उणे 13 वरून उणे 9 च्या आसपास आली.

म्हणून सेन्सरच्या आधीचा सर्व मार्ग हाताने चाचपून पाहावा. सेन्सर त्याच्या बैठकीत तिरका बसलेला नाही, ओ-रिंग दबून एका बाजूला गेलेली नाही आणि फ्लँज वेल्डिंगच्या जागी वाकलेला नाही हेही पाहावे. तेल लावलेला फिल्टर असेल तर तारेवर थर बसतो आणि सेन्सर बहुधा कमी हवा सांगू लागतो, त्यामुळे ट्रिम धन दिशेला जाते. तार मॅफसाठीच्या क्लीनरने, स्पर्श न करता साफ करावी. वक्र जुळवण्याआधी हे सर्व उरकले नाही, तर आपण एका सैल होजसाठी मॅप बनवत असतो आणि ती होज पुढच्या वेळी फिल्टर काढला की पुन्हा नव्या जागी बसणार असते.

वक्र दुरुस्त करताना

यांत्रिक दोष संपल्यावर उरलेली तफावत वक्रात दुरुस्त करावी, आणि तीही प्रत्येक व्होल्टेजला स्वतंत्रपणे. इंजिन पूर्ण गरम असताना, थ्रॉटल स्थिर ठेवून, क्लोज्ड लूपमध्ये मॅफचे व्होल्टेज, शॉर्ट टर्म ट्रिम आणि लाँग टर्म ट्रिम असा किमान अर्ध्या तासाचा लॉग घ्यावा. थ्रॉटल हलत असतानाच्या नोंदी गाळून टाकाव्यात, कारण त्यांत अॅक्सिलरेशनचे जादा इंधन मिसळलेले असते. उरलेल्या नोंदी व्होल्टेजच्या पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्टीची दोन्ही ट्रिमची सरासरी बेरीज काढावी आणि त्या पट्टीतील हवेचा आकडा तेवढ्या टक्क्यांनी बदलावा. बेरीज उणे 4 आली तर आकडा 0.96 ने गुणावा. रॉमरेडर या ट्यूनिंग सॉफ्टवेअरच्या लॉगरमध्ये यासाठी स्वतंत्र टॅब आहे, पण साध्या स्प्रेडशीटवरही हे काम होते. वक्र कागदावर काढून पाहिला तर तो गुळगुळीतच दिसला पाहिजे. एखाद्या पट्टीत खड्डा किंवा उंचवटा दिसला, तर तिथे नोंदी कमी पडल्या आहेत किंवा प्रवाह अजूनही अडखळतो आहे.

पूर्ण थ्रॉटलच्या भागात ट्रिम उपलब्ध नसते. तिथे वाइडबँडने मोजलेला लॅम्ब्डा आणि मॅपने मागितलेला लॅम्ब्डा यांच्या गुणोत्तराने तोच वक्र पुढे न्यावा. अशा रीतीने दोन्ही भाग एकाच वक्रावर आले की इंधनाच्या तक्त्यात केलेले जुने ठिगळ काढून टाकता येते. मी मॅफमध्ये वाढवलेले 5 टक्के याच टप्प्यावर काढले.

या ठिकाणी एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. ईसीयू इग्निशन टायमिंगचा तक्ता ज्या भारावरून वाचतो, तो भारही मॅफच्याच आकड्यावरून काढलेला असतो. वक्र खाली आणला की त्याच बूस्टला भार कमी दिसतो, ईसीयू तक्त्यात डावीकडच्या, कमी भाराच्या रकान्यात जातो आणि तिथले जास्त टायमिंग उचलतो. म्हणजे नॉक घालवण्यासाठी केलेली दुरुस्तीच टायमिंग वाढवते. म्हणून वक्र बदलण्याच्या वेळीच पूर्ण भाराचे टायमिंग दोन अंशांनी कमी करावे, फ्लॅशनंतर पहिली धाव कमी बूस्टवर घ्यावी, आणि नॉकची नोंद दिसताच थ्रॉटल सोडावा. टायमिंग नंतर अर्ध्या-अर्ध्या अंशाने परत वाढवता येते.

फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर जोडलेला असावा, लॅपटॉपची स्लीप सेटिंग बंद असावी आणि मूळ फाइल दोन वेगळ्या जागी जपलेली असावी. लेखन अर्धवट तुटले तर ईसीयू सुरूच न होण्याची शक्यता असते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून लॉग घेऊ नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुरुस्ती खरी आहे की नाही हे फ्लॅशच्या दिवशी कळत नाही, कारण त्या दिवशी ट्रिम शून्यच असते आणि सगळे चांगलेच दिसते. म्हणून शेवटच्या फ्लॅशनंतर मी मॅपला पंधरा दिवस हात लावला नाही, बॅटरी सोडवली नाही, कोणताही कोड पुसला नाही, आणि गाडी आयडल, मंद गती, लांबचा स्थिर वेग अशा सर्व भारांत चालवली. पंधराव्या दिवशी सर्व पट्ट्यांतील लाँग टर्म ट्रिम उणे 2 ते अधिक 3 टक्क्यांच्या दरम्यान होती, आणि पूर्ण थ्रॉटलला लॅम्ब्डा 0.80 वरून केवळ 0.81 झाला होता. नॉकची नोंद नव्हती. आता फिल्टर साफ करण्यासाठी ती होज काढली की पुन्हा बसवताना तिची कड मी आधी बोटाने तपासतो, आणि आठवड्याने ट्रिमचा एक लॉग घेतो.